‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ : सापडलेल्या चित्रणाची भयकथा, तिचे तंत्र आणि तिचा प्रभाव

सारांश

१९९९ साली प्रदर्शित झालेला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा अमेरिकन भयपट अत्यल्प खर्चात तयार झाला आणि त्याने जगभरात सुमारे चोवीस कोटी ऐंशी लाख डॉलर इतके उत्पन्न मिळवले. ‘फाउंड फुटेज’, म्हणजे सापडलेले चित्रण, या कथनप्रकाराला या चित्रपटामुळे लोकमान्यता लाभली. प्रस्तुत लेखात या कथनप्रकाराची पूर्वपरंपरा, चित्रपटाची निर्मितीप्रक्रिया, भयनिर्मितीचे तंत्र, प्रसिद्धीची पद्धत आणि नंतरच्या चित्रपटांवरील प्रभाव यांचे विवेचन केले आहे. तसेच, कलावंतांची खरी नावे व चेहरे वापरून उभारलेल्या या ‘सत्या’ची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

बीजशब्द : भयपट, फाउंड फुटेज, सत्याभास, अल्पखर्ची चित्रपट, प्रसिद्धी, कलावंतांचे हक्क.

प्रस्तावना

चित्रपट या माध्यमाचे सत्याशी असलेले नाते प्रारंभापासूनच गुंतागुंतीचे आहे. कॅमेरा समोर असलेल्या वस्तूचीच प्रतिमा टिपतो, त्यामुळे पडद्यावर दिसणारी वस्तू कोठेतरी, केव्हातरी अस्तित्वात होती, असा प्रेक्षकाचा सहज विश्वास असतो. दुसरीकडे, कथापट पाहणारा प्रेक्षक समोरचे सारे रचलेले आहे हेही जाणून असतो. या दोन जाणिवांमधील अंतर शक्य तितके कमी करून त्यातून भय निर्माण करण्याचा प्रयत्न म्हणजे सापडलेल्या चित्रणाचा भयपट होय.

या प्रकारातील सर्वाधिक चर्चिलेला चित्रपट म्हणून ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा निर्देश करावा लागतो. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुण दिग्दर्शकांनी तो तयार केला. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवण्यात आला आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. या चित्रपटाकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक, थोड्या पैशांत प्रचंड नफा मिळवणारी व्यावसायिक नवलकथा म्हणून. आणि दुसरी, इंटरनेटवरील प्रसिद्धीचे पहिले मोठे उदाहरण म्हणून. या दोन्ही दृष्टी योग्य असल्या तरी अपुऱ्या आहेत. अनघड, हलत्या, अंधूक चित्रणालाच अधिक खरे मानण्याची सवय प्रेक्षकाला लागण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे आणि ती सवय आज चित्रपटगृहाबाहेरही कार्यरत आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

सापडलेला दस्तऐवज : साहित्यातील व माध्यमांतील पूर्वपरंपरा

सापडलेल्या कागदपत्रांतून भयकथा सांगण्याची युक्ती चित्रपटाहून बरीच जुनी आहे. इंग्रजीतील गूढभय कादंबरीचा आरंभ ज्या कृतीपासून मानला जातो ती होरेस वॉलपोल यांची ‘द कासल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी १७६४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याची बतावणी लेखकाने केली होती. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी तर सर्वस्वी दैनंदिनी, पत्रे, वृत्तपत्रीय कात्रणे आणि ध्वनिमुद्रित नोंदी यांच्या संकलनातून उलगडते. निवेदक सर्वज्ञ नसल्यामुळे वाचकाला पात्राहून अधिक काही कळत नाही आणि कागदपत्रांचा बाह्य आकार कथेला पुराव्याचे रूप देतो, हे या युक्तीचे दुहेरी बळ आहे. आपल्याकडे भुताची गोष्ट सांगणारा माणूसही गावाचे नाव, वाट, तिथी आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या नातलगाचा हवाला प्रथम देतो. त्यामागेही हीच पुराव्याची गरज असते.

विसाव्या शतकात ही युक्ती नव्या माध्यमांत गेली. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीचे नभोनाट्य बातमीपत्राच्या रूपात सादर केले. त्यातून उडालेल्या घबराटीची वर्णने वृत्तपत्रांनी बरीच फुगवली असे नंतरच्या अभ्यासकांचे मत असले, तरी बातमीचा आकार कल्पिताला किती विश्वासार्ह बनवतो हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बीबीसीने ‘घोस्टवॉच’ हा कार्यक्रम थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखवला. मायकेल पार्किन्सन यांच्यासारखा परिचित सूत्रसंचालक त्यात स्वतःच्याच नावाने वावरत असल्याने अनेक प्रेक्षकांनी तो खरा मानला आणि बीबीसीकडे तक्रारींचा ओघ लागला.

चित्रपटापुरते बोलायचे तर रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘कॅनिबल हॉलोकॉस्ट’ (१९८०) हा या प्रकाराचा महत्त्वाचा पूर्वसूरी ठरतो. अॅमेझॉनच्या अरण्यात नाहीशा झालेल्या माहितीपटकारांचे सापडलेले चित्रण अशी त्याची रचना होती. कलावंत खरोखर मारले गेल्याच्या संशयावरून दिग्दर्शकाला इटलीत न्यायालयीन कारवाईस तोंड द्यावे लागले आणि ते जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागले. त्या चित्रपटात प्राण्यांची मात्र खरोखरच हत्या करण्यात आली होती. पुढे १९९८ मध्ये स्टीफन अव्हालोस व लान्स वीलर यांचा ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ हा अत्यल्प खर्चाचा चित्रपटही जंगलातील गूढ मृत्यू आणि सापडलेले चित्रण याच सूत्रावर बेतलेला होता. म्हणजे ‘ब्लेअर विच’च्या कर्त्यांनी हा प्रकार शोधून काढला असे म्हणता येत नाही. त्यांनी तो पूर्णत्वास नेला आणि सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचवला, असे म्हणणे अधिक उचित होईल.

कथानक व निर्मितीप्रक्रिया

चित्रपटाचे कथानक अत्यंत साधे आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये चित्रपटाचे तीन विद्यार्थी मेरीलँड राज्यातील बर्किट्सव्हिल या गावी एका दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी जातात. अठराव्या शतकात गावाबाहेर हाकलण्यात आलेल्या, चेटकीण ठरवलेल्या एका स्त्रीची ही दंतकथा आहे. गावकऱ्यांच्या मुलाखती घेऊन ते जंगलात शिरतात, वाट चुकतात, नकाशा गमावतात, आपसांत भांडतात, रात्री चित्रविचित्र आवाज ऐकतात आणि अखेर नाहीसे होतात. वर्षभराने त्यांचे चित्रण सापडते आणि तेच आता आपल्यासमोर आहे, असा चित्रपटाचा दावा आहे. बर्किट्सव्हिल हे गाव खरे आहे; दंतकथा मात्र दिग्दर्शकांनी रचलेली आहे.

हेदर डॉनह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड हे तीन अपरिचित कलावंत स्वतःच्याच नावांनी या भूमिकांत वावरतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये सुमारे आठ दिवस मुख्यतः मेरीलँडमधील सेनेका क्रीक स्टेट पार्कमध्ये चित्रीकरण झाले. रूढ अर्थाची पटकथा नव्हती. प्रसंगांचा सुमारे पस्तीस पानांचा आराखडा होता आणि संवाद कलावंतांनी त्या त्या वेळी सुचतील तसे बोलायचे होते. कॅमेरे व ध्वनिलेखनाचे यंत्रही त्यांनीच हाताळले. उपग्रहावर आधारित दिशादर्शक यंत्राच्या साहाय्याने ते ठरलेल्या ठिकाणी पोहोचत. तेथे ठेवलेल्या छोट्या डब्यांत प्रत्येकासाठी स्वतंत्र चिठ्ठी असे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहायची नाही असा दंडक होता. त्यामुळे पात्रांमधील अविश्वास व वाद यांना तालमीत न सापडणारा अनपेक्षितपणा लाभला. दिवसेंदिवस त्यांना मिळणारे अन्न कमी करण्यात आले. रात्री दिग्दर्शक व त्यांचे सहकारी तंबूभोवती आवाज करीत, लहान मुलांच्या आवाजाच्या ध्वनिफिती वाजवीत आणि तंबू हलवीत. काय घडणार हे कलावंतांना आधी सांगितलेले नसे.

गावातील मुलाखतींच्या बाबतीतही हेच धोरण होते. तेथे बोलणाऱ्या व्यक्तींपैकी काही खरे रहिवासी होते, तर काही दिग्दर्शकांनी आधीच पेरलेल्या व्यक्ती होत्या. कोण कोणत्या गटातील हे कलावंतांना ठाऊक नव्हते. सुमारे वीस तासांच्या चित्रणातून संकलनाअंती ८१ मिनिटांचा चित्रपट सिद्ध झाला. मूळ योजनेनुसार या चित्रणाभोवती तज्ज्ञांच्या मुलाखती, बातम्या व जुनी छायाचित्रे यांची माहितीपटासारखी चौकट असणार होती. संकलनाच्या टप्प्यावर ती वगळण्यात आली आणि ती सामग्री ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ या स्वतंत्र दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी उपयोगात आणली गेली. हा निर्णय निर्णायक ठरला. चौकट गेल्यामुळे समजावून सांगणारा कोणीच उरला नाही आणि प्रेक्षक त्या तिघांबरोबर जंगलात एकटा पडला.

भयनिर्मितीचे तंत्र

या चित्रपटात चेटकीण एकदाही दिसत नाही. दगडांच्या राशी, झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या मानवाकृती, तंबूबाहेरचे आवाज आणि कापडात बांधलेले काही अवशेष एवढीच तिच्या अस्तित्वाची चिन्हे आहेत. न दाखवण्यातून भय निर्माण करणे हे भयकथेचे जुने सूत्र आहे. परंतु येथे त्याला कथनप्रकाराचा आधार आहे. कॅमेरा पात्राच्या हातात असल्यामुळे पात्र जेथे पाहू शकत नाही तेथे प्रेक्षकही पाहू शकत नाही. रूढ चित्रपटात दिग्दर्शक एखादी गोष्ट हेतुपुरस्सर लपवतो तेव्हा प्रेक्षकाला ती चलाखी जाणवते. येथे ती केवळ परिस्थितीची मर्यादा वाटते.

दोन प्रकारच्या चित्रणाची सरमिसळ हे दुसरे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. विद्यार्थ्यांचा ‘अधिकृत’ माहितीपट सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर चित्रित होतो, तर त्यामागील गप्पा, थट्टा व भांडणे साध्या हाय-एट व्हिडिओ कॅमेऱ्यावर रंगीत टिपली जातात. प्रारंभी हे दोन स्तर स्पष्टपणे वेगळे असतात. हेदर कृष्णधवल चित्रणात गंभीर निवेदिका असते आणि व्हिडिओत हसणारी विद्यार्थिनी. वाट चुकल्यानंतर हा भेद पुसट होत जातो आणि माहितीपट करणारेच माहितीपटाचा विषय बनतात. हेदरने कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवून, अर्धाच चेहरा चौकटीत असताना, रडत केलेली क्षमायाचना हा या प्रक्रियेचा परमोच्च बिंदू होय. रूढ छायालेखनाच्या दृष्टीने सदोष असलेले ते दृश्य चित्रपटाचे सर्वांत स्मरणीय दृश्य ठरले.

शेवटच्या दृश्याची घडण विशेष अभ्यसनीय आहे. पडक्या घराच्या तळघरात मायकेल भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा दिसतो, हेदरच्या हातातील कॅमेरा कोसळतो आणि चित्रपट संपतो. प्राथमिक खेळांतील प्रेक्षकांना या दृश्याचा अर्थ लागला नव्हता. वितरकाच्या आग्रहावरून अन्य शेवटही चित्रित करण्यात आले. परंतु दिग्दर्शकांनी मूळ शेवट कायम ठेवला आणि त्याऐवजी आरंभीच्या मुलाखतींत भर घातली. एका खुन्याने मुलांना मारताना एका मुलाला कोपऱ्यात तोंड करून उभे केले होते, असे एक गावकरी तेथे ओझरते सांगतो. शेवटी प्रेक्षकाला दिसते ते केवळ पाठमोऱ्या माणसाचे दृश्य. त्यातील भय प्रेक्षक स्वतःच्या स्मरणातून निर्माण करतो. ऐकीव गोष्ट आणि प्रत्यक्ष दृश्य यांची अशी सांधेजोड हे या चित्रपटाचे खरे कौशल्य होय.

येथे आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. जिवावर बेतले असताना पात्रे कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? सापडलेल्या चित्रणाच्या प्रत्येक चित्रपटाला हा प्रश्न सोडवावा लागतो. या चित्रपटाने त्याचे उत्तर कथेतच गुंफले आहे. कॅमेऱ्यातून पाहिले की वास्तव जरा दूरचे, सुसह्य वाटते, अशा आशयाचे भाष्य जोशुआ करतो. कॅमेरा हेदरची महत्त्वाकांक्षा असतो, नंतर तिचा आडोसा होतो आणि अखेरीस तिच्या मृत्यूचा साक्षीदार ठरतो.

प्रसिद्धी : कथेचा पडद्याबाहेरील विस्तार

चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच त्यातील दंतकथेला स्वतंत्र अस्तित्व मिळाले होते. जॉन पिअरसन यांच्या ‘स्प्लिट स्क्रीन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या प्रकरणाचा भाग खऱ्या घटनेप्रमाणे दाखवण्यात आला. १९९८ मध्ये निर्मात्यांनी संकेतस्थळ सुरू केले. तेथे दंतकथेचा कालपट, पोलीस तपासाची छायाचित्रे व दैनंदिनीची पाने अशी सामग्री क्रमाक्रमाने ठेवली जात होती. सनडान्स महोत्सवात तिघे बेपत्ता असल्याची पत्रके लावण्यात आली. चित्रपटविषयक माहिती देणाऱ्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावरही काही काळ हे कलावंत बेपत्ता, बहुधा मृत, असे नोंदवलेले होते. ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ हा कार्यक्रम जुलै १९९९ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर प्रसारित झाला.

या पद्धतीचे यश त्या विशिष्ट काळाशी निगडित होते. इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले होते, परंतु तेथील मजकुराची शहानिशा करण्याची साधने व सवय दोन्ही अद्याप रुजलेली नव्हती. शिवाय १९९६ च्या ‘स्क्रीम’नंतर अमेरिकन भयपट स्वतःच्याच संकेतांची थट्टा करण्यात रमला होता. अशा वेळी थट्टेचा लवलेशही नसलेला, आपण चित्रपट असल्याचेच नाकारणारा चित्रपट समोर आला. या सत्याभासाची झळ गावालाही बसली. बर्किट्सव्हिल येथे उत्सुक पर्यटकांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरीस गेल्या.

अर्थकारण

या चित्रपटाच्या खर्चाविषयी अनेक आकडे सांगितले जातात. मूळ चित्रीकरणाचा खर्च पस्तीस ते साठ हजार डॉलरच्या दरम्यान असल्याचे सामान्यतः मानले जाते. ध्वनिसंस्करण व चित्रपटगृहांसाठीच्या प्रतीची सिद्धता हा खर्च धरल्यास तो काही लाख डॉलरवर जातो. सनडान्स येथे ‘आर्टिझन एंटरटेनमेंट’ या वितरण संस्थेने सुमारे अकरा लाख डॉलरना तो विकत घेतला. १४ जुलै १९९९ पासून मोजक्या, तर ३० जुलैपासून हजारांहून अधिक चित्रपटगृहांत तो दाखल झाला. अमेरिकेतील उत्पन्नच सुमारे चौदा कोटी डॉलर झाले. मात्र वितरकाने प्रसिद्धीवर केलेला खर्च निर्मितीखर्चाच्या कित्येक पट होता. त्यामुळे केवळ कल्पकतेच्या बळावर अल्पखर्ची चित्रपट जग जिंकतो ही लोकप्रिय समजूत अर्धसत्य ठरते. कल्पकता निर्मात्यांची असली, तरी ती घरोघरी पोहोचवणारे भांडवल वितरकाचे होते.

नंतरच्या चित्रपटांवरील प्रभाव

प्रभावाचा विचार करताना प्रथम एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. या चित्रपटाचे स्वतःचे उत्तरभाग फारसे यशस्वी झाले नाहीत. जो बर्लिंजर दिग्दर्शित ‘बुक ऑफ शॅडोज : ब्लेअर विच २’ (२०००) या उत्तरभागाने सापडलेल्या चित्रणाचे तंत्रच मुख्यत्वे सोडून दिले, तर अॅडम विनगार्ड यांच्या ‘ब्लेअर विच’ (२०१६) या चित्रपटात कानाला लावायचे कॅमेरे व ड्रोन आले, तरी मूळचा परिणाम साधला नाही. एकदा उघड झालेली बतावणी पुन्हा करता येत नाही, हे त्याचे प्रमुख कारण म्हणता येईल.

तथापि इतरांनी या तंत्राला नव्या दिशा दिल्या. त्यांचे स्थूलमानाने चार प्रवाह दिसून येतात.

१) घरगुती निरीक्षणाचा प्रवाह : ओरेन पेली यांनी स्वतःच्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये चित्रित केलेला ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ २००७ मध्ये प्रथम दाखवला गेला आणि २००९ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. येथे हलता कॅमेरा जाऊन शयनगृहात तिवईवर ठेवलेला स्थिर कॅमेरा आला. काहीही न घडणाऱ्या दृश्याकडे प्रेक्षक टक लावून पाहू लागला. जगभरात एकोणीस कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून या चित्रपटाने अल्पखर्ची भयपटाचे अर्थशास्त्र दुसऱ्यांदा सिद्ध केले.

२) वृत्तांकनाचा प्रवाह : हाउमे बालागेरो व पाको प्लासा यांच्या ‘रेक’ (२००७) या स्पॅनिश चित्रपटात बार्सिलोनातील एका इमारतीत अडकलेली दूरचित्रवाणी वार्ताहर आणि तिचा छायालेखक केंद्रस्थानी आहेत. लोकांना सत्य कळले पाहिजे हा पत्रकारितेचा आग्रह ‘चित्रण का थांबत नाही’ या प्रश्नाचे समर्पक उत्तर ठरतो.

३) भव्यतेचा प्रवाह : मॅट रीव्हज दिग्दर्शित ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) या चित्रपटासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. न्यूयॉर्कवर कोसळलेल्या राक्षसाचे हे चित्रण हौशी कॅमेऱ्याचे भासते. प्रत्यक्षात ते संगणकीय दृश्यपरिणामांनी घडवलेले आहे. ‘ब्लेअर विच’मध्ये अनघडपणा गरजेतून आला होता. येथे तो पैसे मोजून विकत घेतलेली शैली झाला.

४) संगणकीय पडद्याचा प्रवाह : २०२० च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेज यांनी ‘होस्ट’ हा तासाभराहूनही कमी लांबीचा चित्रपट दृक्श्राव्य बैठकीच्या रूपात सादर केला. कलावंतांनी आपापल्या घरून आपले चित्रण केले. जंगलातील एकाकीपणाची जागा घरात कोंडलेल्या माणसांच्या एकाकीपणाने घेतली.

याशिवाय जपानमधील ‘नोरोई’ (२००५), नॉर्वेतील ‘ट्रोलहंटर’ (२०१०) आणि दक्षिण कोरियातील ‘गॉनजियम : हाँटेड असायलम’ (२०१८) या चित्रपटांनी आपापल्या भूमीतील श्रद्धा व दंतकथा या चौकटीत बसवल्या. स्थानिक दंतकथा आणि हाती असलेला कॅमेरा एवढ्या भांडवलावर हा प्रकार कोठेही रुजू शकतो, हे त्यावरून दिसून येते.

भारतात या तंत्राचा विशेष उल्लेखनीय वापर भयपटाबाहेर झाला. दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) या हिंदी चित्रपटातील तीन कथा अनुक्रमे विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुकानातील निगराणी कॅमेरा आणि छुपा कॅमेरा यांतून सांगितल्या आहेत. जातीय प्रतिष्ठेपायी होणारी हत्या, स्त्रीदेहाचा बाजार आणि छुप्या चित्रणाची पत्रकारिता हे त्यांचे विषय आहेत. येथे भय अमानवी शक्तीचे उरत नाही. ते पाहणाऱ्या समाजाचे आहे. पवन कृपलानी दिग्दर्शित ‘रागिनी एमएमएस’ (२०११) या चित्रपटाने छुप्या कॅमेऱ्याचा विषय पुन्हा भयपटाकडे वळवला. ‘६-५=२’ (२०१३) हा कन्नड चित्रपट तर गिर्यारोहणास गेलेल्या तरुणांच्या सापडलेल्या चित्रणाची कथा सांगतो आणि ‘ब्लेअर विच’च्या साच्याशी त्याचे नाते उघड आहे.

सत्याभासाची किंमत : कलावंतांचा प्रश्न

या चित्रपटाच्या यशाची चर्चा करताना एक बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. कलावंत खरोखर नाहीसे झाले आहेत हा समज टिकवण्यासाठी प्रदर्शनाच्या काळात त्यांना प्रसिद्धीपासून दूर ठेवण्यात आले. कोणत्याही नवोदित कलावंताच्या दृष्टीने जो काळ सर्वाधिक मोलाचा, त्याच काळात त्यांनी अदृश्य राहणे अपेक्षित होते. हेदर डॉनह्यू यांच्या आईला मुलीच्या निधनाबद्दल सांत्वनपर पत्रे आली. दुसरीकडे, त्याच वर्षीच्या निकृष्ट अभिनयासाठी दिले जाणारे ‘गोल्डन रॅझबेरी’ हे उपहासात्मक पारितोषिक डॉनह्यू यांना ‘बहाल’ करण्यात आले. अभिनय इतका अकृत्रिम वाटला की तो अभिनयच मानला गेला नाही. त्यांनी कॅमेरा चालवला, संवाद रचले, भुकेने व थंडीने व्याकूळ होऊन काम केले; तरीही चित्रपटाचे श्रेय मुख्यतः कल्पनेला व प्रसिद्धीला मिळाले.

नावाचा प्रश्न याहून गंभीर आहे. पात्राचे नाव व कलावंताचे नाव एकच असल्याने, पात्रावरील मालकी हक्काबरोबर व्यक्तीच्या नावाचा व प्रतिमेचा व्यापारी वापरही कंपनीच्या हाती गेला. उत्तरभागातील अशा वापराविरुद्ध कलावंतांनी वितरकाविरोधात दावा केला आणि तो तडजोडीने मिटला. डॉनह्यू यांनी पुढे कायदेशीररीत्या आपले नाव बदलले. आर्टिझन ही संस्था २००३ मध्ये ‘लायन्सगेट’कडे गेली आणि २०२४ मध्ये नव्या ‘ब्लेअर विच’ चित्रपटाची घोषणा झाली. तेव्हा तिन्ही कलावंतांनी जाहीर पत्राद्वारे पूर्वीच्या व पुढील उत्पन्नात वाटा मिळावा, आपली नावे व प्रतिमा वापरण्याचा प्रसंग येईल अशा प्रकल्पांत सल्लामसलत व्हावी आणि नवोदित चित्रपटकर्त्यांसाठी साहाय्यनिधी असावा, अशा मागण्या केल्या. चित्रपटाच्या प्रदर्शनास तेव्हा पंचवीस वर्षे होत होती.

हा प्रश्न तिघांपुरता मर्यादित नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपट-कलावंतांच्या संघटनेने केलेल्या प्रदीर्घ संपात, कलावंताच्या चेहऱ्याची व आवाजाची संगणकीय प्रतिकृती त्याच्या संमतीविना वापरली जाऊ नये, ही एक प्रमुख मागणी होती. व्यक्तीची ओळख हा कच्चा माल मानला गेला म्हणजे काय घडते, याचे एक पूर्वीचे उदाहरण म्हणून ‘ब्लेअर विच’च्या कलावंतांकडे पाहता येते.

अनघडपणा आणि विश्वास

‘ब्लेअर विच’ने प्रेक्षकाशी एक अलिखित संकेत प्रस्थापित केला : चित्र जितके हलते, आवाज जितका अस्पष्ट, चौकट जितकी वाकडी, तितके ते अधिक खरे. सुबक चित्रण म्हणजे रचलेले आणि ओबडधोबड चित्रण म्हणजे प्रत्यक्ष, ही विभागणी हातोहाती मोबाइल कॅमेरे आल्यावर अधिकच दृढ झाली. अनेकदा ती रास्तही असते, कारण अन्यायाच्या कित्येक घटना सामान्य माणसाने घाईत टिपलेल्या चित्रणामुळेच उजेडात आल्या आहेत. परंतु अनघडपणा हे सत्याचे लक्षण नसून केवळ एक शैली असू शकते, हेही याच चित्रपटाने आणि ‘क्लोव्हरफील्ड’ने सिद्ध केले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणताही प्रसंग चित्रित केल्याचा आभास आज निर्माण करता येतो, मग हलता कॅमेरा व अंधूक प्रकाश निर्माण करणे अवघड ते काय? १९९९ चा प्रेक्षक फसला, पण त्याचे नुकसान तिकिटापुरते होते. आज अशाच चित्रणावर विसंबून एखाद्या व्यक्तीची वा समूहाची बदनामी होऊ शकते आणि जमावही चालून जाऊ शकतो.

या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापनात या चित्रपटाचे मोल आहे. भाषा, समाजशास्त्र, पत्रकारिता, वाणिज्य व विधी या सर्व विद्याशाखांना त्यात अभ्यासविषय सापडतो. विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवून ‘हे खरे का वाटते?’ असा प्रश्न विचारल्यास दृश्य पुराव्याच्या चिकित्सेचा पाठ आपोआप सुरू होतो. चित्रण कोणी केले, कोणत्या हेतूने केले, काय वगळले आणि ते आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले, हे चार प्रश्न भयपटाला जसे लागू पडतात तसेच ते रोज हाती येणाऱ्या प्रत्येक चित्रफितीलाही लागू पडतात.

निष्कर्ष

१) सापडलेल्या दस्तऐवजाची युक्ती भयसाहित्यात अठराव्या शतकापासून आढळते. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने ती नव्याने शोधली नाही, चित्रपटमाध्यमात तिला सर्वाधिक परिणामकारक व लोकप्रिय रूप दिले.

२) चित्रपटाचे भय न दाखवण्यातून, दोन प्रकारच्या चित्रणाच्या सरमिसळीतून आणि ऐकीव कथा व दृश्य यांच्या सांधेजोडीतून निर्माण होते.

३) त्याच्या आर्थिक यशात निर्मात्यांची कल्पकता, वितरकाचे भांडवल आणि इंटरनेटचा तत्कालीन नवखेपणा या तिन्ही घटकांचा वाटा आहे. त्यामुळे त्याची जशीच्या तशी पुनरावृत्ती शक्य झाली नाही.

४) नंतरच्या चित्रपटांनी घर, वृत्तांकन, भव्य दृश्यपरिणाम व संगणकीय पडदा अशा चार दिशांनी हे तंत्र विस्तारले. भारतात त्याचा एक महत्त्वाचा वापर सामाजिक आशयासाठी झाला.

५) सत्याभास निर्माण करताना कलावंतांची नावे, प्रतिमा व श्रम यांच्यावरील हक्काचा प्रश्न निर्माण झाला आणि पंचवीस वर्षांनंतरही त्यांना तो जाहीरपणे मांडावा लागला.

६) अनघड चित्रणाला सत्य मानण्याच्या सवयीची चिकित्सा करणे ही आजच्या शिक्षणाची गरज आहे आणि त्यासाठी हा चित्रपट उपयुक्त अभ्याससाधन ठरतो.